तळ

पोस्टरवर ती मिस नीता.
खरं नाव सुनीती रणभिसे, वय एकाहत्तर,
गुडघ्याला पट्टा, खांद्याला भाजीची पिशवी
आणि पिशवीत मेथीखाली सात रेकॉर्डी.
राजारामपुरीत माझ्या स्टुडिओचा जिना चढून
धापा टाकत म्हणाली, "मी गातो. तू लाव मशीन."
आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात,
गातो, बसतो, येतो म्हणतात आणि येतात.

चाळीस वर्षं तिनं गणपतीत नाचरी गाणी म्हटली,
साखर कारखान्यांच्या पटांगणात, जत्रांत,
शिट्ट्यांच्या वर आवाज काढून.
आता अल्बम करायचा होता, जुन्या सोल गाण्यांचा.
"सोल म्हणजे?" मी विचारलं.
आमच्या घरात सोल एकच,
सुभाषनगरात आबा कातडं भिजवून
रापीनं कापतात तो चपलेचा तळ.
ती हसली. "तेच की रे. पायाखालचं."

मिशन दवाखान्याची मेट्रन मायदेशी निघाली तेव्हा
तिच्या आईनं, रात्रपाळीच्या नर्सनं,
शिलाई मशीन मागितलं होतं.
मिळाल्या ह्या तबकड्या.
कुठल्याशा मोटारींच्या गावचे काळे लोक
दिवसभर पत्रा ठोकून रात्री असं गायचे.
शब्द कळत नव्हते, ती म्हणाली,
एवढंच कळायचं की हे चर्चमधलंच आहे,
पण रविवार संपल्यावरचं.

पहिल्याच टेकला करकर.
"मावशी, चपला काढा, माइक धरतोय."
अनवाणी गायली गालिच्यावर,
दोन दिवस, चार गाणी, सूर न् सूर जागेवर,
आणि ऐकताना मला जांभई आली.
तिलाही आली असावी.
तिसऱ्या दिवशी विचारलंही नाही,
कापशीचा जोड घालून उभी राहिली काचेपलीकडं
आणि टाचेनं ताल धरला.
दुसऱ्या मात्रेला करकर, चौथ्या मात्रेला करकर.
तळाच्या पोटात बी घालतात त्यासाठी,
आबा त्याला विंचू म्हणतात.

वरचा सूर आता तिला थेट गाठता येत नाही.
रंकाळ्याच्या पलीकडं जायचं तर
काठाकाठानं जावं लागतं, तशी ती गेली,
वाटेत बसली, उठली, पुन्हा चालली,
आणि पोचली तेव्हा
बेसवाला फिरोज वाजवायचा थांबला होता.

एका कडव्याआधी तिनं
चार मात्रा मोकळ्या सोडल्या.
मी रात्री तिथं कीबोर्ड भरला, छान बसला.
सकाळी ऐकून म्हणाली, "काढ ते."
एवढंच.
खाली चहाच्या गाड्यावर फिरोजनं सांगितलं,
तिथं एडविन सॅक्सोफोन घ्यायचा,
निपाणीच्या कार्यक्रमाहून परतताना जीप उलटली तोवर.
मी काढला.
त्या चार मात्रांत आता नीट ऐकलं तर
पंख्याचा आवाज आहे,
आणि खालच्या गल्लीत कुणीतरी
रिक्षाला किक मारतंय, लागत नाही.

दोनशे सीड्या काढल्या. एकशे सत्तर
अजून माझ्या कपाटावर.
एका मंडळाचा अध्यक्ष गाडीत अर्धी ऐकून म्हणाला,
आवाज नाद खुळा, पण मावशी, नाचायचं एखादं?
ती म्हणाली, हे नाचायचंच आहे, बसून.
त्याला कळलं नाही. मलाही
त्या वेळी कळलं असं नाही.

आबांना आता ऐकू कमी येतं.
एकदा जेवण घेऊन स्टुडिओत आले,
डबा टेबलावर ठेवला
आणि वाजत्या स्पीकरवर तळहात टेकवला,
कातड्याची जाडी बघतात तसा,
अंगठा सरकवत, डोळे बारीक करून.
दोन गाणी संपली. हात हलला नाही.
मग म्हणाले, "तळ चांगलाय.
झिजलाय, पण एकाच बाजूनं न्हाई झिजला."
आणि थोड्या वेळानं,
डबा उघडता उघडता,
"जोड कुणाकडचा घातलाय बाईनं?"